पहिलं विमान बिझनेस, दुसरं इकॉनॉमी: मग लाउंजचं काय?

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, चष्मा कपाळावर. "अरे, आमच्या चिरंजीवांनी तिकीट काढलंय बिझनेसचं, पण अर्धंच. लंडनपर्यंत पाय पसरून जायचं, पुढे मँचेस्टरपर्यंत पाय दुमडून. मग ते लाउंज असतं ना, ते पूर्ण मिळतं की तेही अर्धं?"

मुलं परदेशात आणि आईवडील ठाण्यात पाचपाखाडीत, अशी घरं आमच्याकडे पुष्कळ. त्यामुळे असलं अर्धं तिकीट हल्ली वरचेवर बघायला मिळतं. रात्रीचा लांबचा टप्पा आईबाबांना झोपून जाता यावा म्हणून बिझनेस, आणि तासाभराच्या टप्प्याला कशाला पैसे घालवायचे म्हणून इकॉनॉमी. कधी पॉइंट वापरून एकच टप्पा अपग्रेड केलेला असतो, कधी दुसऱ्या छोट्या विमानात बिझनेस क्लासच नसतो. कारण काही असो, लाउंजच्या, म्हणजे विमानतळावरच्या त्या बसण्या-खाण्याच्या खास दालनाच्या, दारात प्रश्न तोच येतो, आणि तिकीट काढणाऱ्या लेकालाही त्याचं उत्तर ठाऊक असतंच असं नाही. काकूंना मी पाच मिनिटांत समजावायला गेलो आणि पाऊण तास गेला. पिशवीतली कोथिंबीर मान टाकायला लागली तेव्हा कुठे थांबलो. म्हणून हे सगळं आता लिहूनच काढतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तिकीट एक असलं तरी लाउंजचा हिशोब प्रत्येक विमानतळावर नव्याने होतो. "आम्ही बिझनेसचे प्रवासी" एवढं म्हणून दार उघडत नाही. काउंटरवरचा माणूस आधी हे बघतो की या विमानतळावरून सुटणारं तुमचं विमान कोणतं, ते कुठल्या कंपनीचं आणि त्यात तुमचा क्लास कुठला. तुम्ही आलात त्या विमानाला काही ठिकाणी किंमत असते, काही ठिकाणी अजिबात नसते. ती कुठे असते आणि कुठे नसते, तेवढंच शिकायचं आहे.

तिकीट उघडून बसा

मोबाइलवर नको, शक्य असेल तर ई-तिकिटाची प्रिंट काढा आणि पेन घ्या. प्रत्येक टप्प्यापुढे क्लास लिहा. तिकिटावर तो कधी शब्दांत असतो, कधी नुसत्या अक्षरात. साधारणपणे जे, सी, डी ही अक्षरं बिझनेसची आणि वाय हे इकॉनॉमीचं. मध्येच डब्ल्यू दिसला तर बहुतेक वेळा ती प्रीमियम इकॉनॉमी असते. प्रीमियम इकॉनॉमीत खुर्ची रुंद मिळते, जेवण बरं मिळतं, पण लाउंज सहसा मिळत नाही. "प्रीमियम" या शब्दावर भुलून दारातून परत फिरलेले लोक मी पाहिलेत.

मग विमान खरोखर कोण चालवतंय ते शोधा. तिकिटावर एका कंपनीचा नंबर असतो आणि खाली बारीक अक्षरांत "ऑपरेटेड बाय" म्हणून दुसरीचं नाव. याला कोडशेअर म्हणतात. लाउंजच्या बाबतीत ते बारीक अक्षरांतलं नाव महत्त्वाचं. उदाहरणार्थ, टर्किश एअरलाइन्सचा नंबर असलेला एखादा टप्पा प्रत्यक्षात इंडिगो उडवत असू शकते. टर्किश ही स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाची सदस्य आहे, इंडिगो नाही. त्यामुळे त्या टप्प्यावर स्टारचे नियम दाखवून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे भाड्याचं नाव, आणि इथे चांगले चांगले फसतात. बिझनेस क्लासचं सगळ्यात स्वस्त तिकीट घेतलं की काही कंपन्या त्यातून लाउंज वगळतात. एमिरेट्सच्या "स्पेशल" भाड्यात, कतार एअरवेजच्या "लाइट"मध्ये आणि फिनएअरच्या "लाइट"मध्ये विमानातली खुर्ची तीच मिळते, लाउंज मात्र नाही. मुलाने ऑफर बघून तिकीट काढलं असेल तर त्याला एवढंच विचारा: "फेअरचं नाव काय आहे?" क्लास विचारू नका, तो तर बिझनेसच सांगणार.

शेवटचं, सगळे टप्पे एकाच पीएनआरवर आहेत का ते बघा. दोन वेगवेगळी तिकिटं काढून जोड लावली असेल तर बऱ्याचदा सामान मध्येच घ्यावं लागतं, बाहेर येऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि लाउंजची वेळ त्यातच निघून जाते.

अलायन्स म्हणजे नातेवाईक

विमान कंपन्यांचे तीन मोठे गोतावळे आहेत: १९९७ ची स्टार अलायन्स, १९९९ ची वनवर्ल्ड आणि २००० ची स्कायटीम. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टारमध्ये आहे. लुफ्थान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड हेही तिथेच. ब्रिटिश एअरवेज, कतार, कॅथे पॅसिफिक हे वनवर्ल्डवाले. एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा स्कायटीममध्ये. एमिरेट्स आणि एतिहाद कुणाच्याच गोतावळ्यात नाहीत, त्यांचं घर स्वतंत्र.

हे कळायला हवं, कारण मिश्र क्लासच्या तिकिटाला प्रत्येकाचा न्याय वेगळा.

स्टारचा मूळ नियम सरळ आहे आणि थोडा कठोर. या विमानतळावरून तुम्ही निघताय त्या विमानाचा क्लास बघायचा. समजा एअर इंडियाने मुंबई–दिल्ली इकॉनॉमी आणि दिल्ली–लंडन बिझनेस असं तिकीट आहे. या नियमाने दिल्लीत लाउंज, मुंबईत नाही. "पण माझं मुख्य तिकीट बिझनेसचं आहे" हे मुंबईच्या काउंटरवर सांगून फायदा नाही, कारण तिथे तुमच्या हातात दिल्लीचा इकॉनॉमीचा बोर्डिंग पास आहे. यावर एखादी कंपनी आपल्या स्वतःच्या प्रवाशांना जास्तीचं देऊ शकते, आणि देतेही. युनायटेडचं पोलॅरिस लाउंज हे त्याचं चांगलं उदाहरण. लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला युनायटेडच्याच पोलॅरिस बिझनेसने आलात आणि त्याच दिवशी पुढे अमेरिकेतल्या अमेरिकेत इकॉनॉमीने जाणार असाल, तरी पोलॅरिस लाउंजमध्ये घेतात. पण तुम्ही एअर इंडियाच्या बिझनेसने मुंबईहून न्यू जर्सीतल्या नेवार्कला उतरलात आणि पुढे युनायटेडच्या इकॉनॉमीने शिकागोला निघालात, तर त्या लाउंजमध्ये प्रवेश नाही. भागीदार कंपनीच्या प्रवाशाला ते फक्त लांबचं विमान तिथून सुटत असेल तरच मिळतं. विमानतळ एक, अलायन्स एक, खुर्चीही तशीच, आणि निकाल उलटा. न्यू जर्सीला आईवडिलांना बोलावणाऱ्यांनी हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवावा.

वनवर्ल्डचा नियम मला जास्त माणुसकीचा वाटतो, पण त्यात गणित आहे. लांब पल्ल्याचं आंतरराष्ट्रीय विमान आणि त्याला जोडलेलं छोटं किंवा देशांतर्गत विमान असेल, तर लाउंजसाठी लांबच्या विमानाचा क्लास धरतात. जोड त्याच दिवशीची किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आतली हवी. आणि "लांब" म्हणजे ठरलेला उड्डाणाचा वेळ पाच तासांपेक्षा जास्त.

काकूंचं तिकीट इथेच बसतं. मुंबई–लंडन नऊ तासांच्या वर, बिझनेस. लंडन–मँचेस्टर तासभर, इकॉनॉमी. दोन्ही ब्रिटिश एअरवेजची. म्हणून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लाउंज मिळायला हवं. परतीलाही तेच, उलट दिशेने: मँचेस्टरहून निघताना हातात इकॉनॉमीचा पास असला तरी त्याच दिवशी पुढे लंडन–मुंबई बिझनेस आहे, तेव्हा मँचेस्टरला वनवर्ल्डचं लाउंज असेल तर तिथेही हाच नियम लागू.

आता पाच तासांची गंमत बघा. कॅथेने मुंबई–हाँगकाँग बिझनेस आणि पुढे तैपेईला इकॉनॉमी असेल, तर पहिला टप्पा पाच तासांच्या वर जातो, दुसरा दोन तासांचाही नाही. हाँगकाँगला नियमाने प्रवेश. पण दोहामार्गे गेलात की पारडं फिरतं. मुंबई–दोहा पाच तासांच्या आत उरकतं. म्हणजे मुंबई–दोहा बिझनेस आणि दोहा–लंडन इकॉनॉमी असं तिकीट असेल, तर या नियमाने दोहाला तुम्ही लांबच्या प्रवासाचे इकॉनॉमी प्रवासी ठरता आणि बाहेर राहता. उलटं, मुंबई–दोहा इकॉनॉमी आणि दोहा–लंडन बिझनेस असेल, तर वनवर्ल्डच्या नियमाने मुंबईतसुद्धा लांबच्या टप्प्याचा क्लास धरला जातो. अट एवढीच की भाडं "लाइट" नको. म्हणून एकच टप्पा बिझनेस करण्याइतके पैसे किंवा पॉइंट असतील तर माझा सल्ला नेहमी एकच: लांबचा टप्पा करा. झोपही मिळते आणि लाउंजही.

स्कायटीमबद्दल थोडक्यात. तिथे सगळा भर त्याच दिवशीच्या आंतरराष्ट्रीय प्रवासावर असतो. त्यांचं एलिट प्लस हे नेहमीच्या प्रवाशांना मिळणारं वरचं कार्ड असलं तरी नुसत्या देशांतर्गत प्रवासाला ते लाउंजच्या दारात चालत नाही.

अमेरिकेतला एक सापळा जाता जाता सांगतो. तिथल्या अंतर्गत विमानांत पुढच्या मोठ्या खुर्च्यांना "फर्स्ट क्लास" म्हणतात. नाव भारी, पण नुसत्या त्या तिकिटावर मोठ्या कंपन्या लाउंजमध्ये घेत नाहीत. शिकागो ते डॅलस फर्स्ट क्लास आहे म्हणून लवकर पोचून बसू नका.

आपल्याकडच्या भानगडी

ठाण्याच्या माणसाला आता दोन विमानतळ आहेत. सहार–सांताक्रूझचा जुना, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागलेला नवी मुंबईचा. तिकिटावर जुन्याचं कोड बीओएम, नव्याचं एनएमआय. बुकिंगच्या साइट दोन्हीला "मुंबई"च म्हणतात आणि कधी कधी दोघांची जोड लावून स्वस्त प्रवास दाखवतात: नागपूरहून नवी मुंबईत उतरा, लंडनचं विमान सहारहून पकडा. कागदावर पाच तास मोकळे दिसतात. ते पाच तास सामान घेऊन, टॅक्सी शोधून, शीव–पनवेल हायवे आणि पुढची गर्दी पार करण्यात जातात. लाउंजचा विचारही करू नका, विमान मिळालं तरी पुरे. असं तिकीट घेऊच नये, हे माझं स्पष्ट मत. पनवेल किंवा उलव्यात राहणाऱ्याला नवी मुंबई जवळ, ठाणे–मुलुंडवाल्याला सहार. दोन्हीकडून आपापल्या परीने जा, पण मध्ये विमानतळ बदलू नका.

सहारचं टर्मिनल २ आणि सांताक्रूझचं टर्मिनल १ या वेगळ्या इमारती आहेत हे तर ठाणेकर जाणतोच, पण परदेशी मुलगा विसरलेला असतो. दोघांमध्ये आतून चालत जायला रस्ता नाही. जोड दोन टर्मिनलांत असेल तर गाडीनेच जायचं.

परदेशातून भारतात येताना एक पायरी सहसा चुकत नाही. भारतातल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून सामान, मग कस्टम्स, मग पुढच्या देशांतर्गत विमानासाठी सामान पुन्हा देणं आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. लंडन–दिल्ली–मुंबई असं आलात तरी हे सगळं सहसा दिल्लीत. म्हणजे रात्री बिझनेसमध्ये झोपून उतरलात तरी आंतरराष्ट्रीय बाजूचं ते छान लाउंज तुमच्या मागे राहतं. पुढे जे मिळेल ते देशांतर्गत बाजूचं, आणि त्यासाठी तुमच्या देशांतर्गत पासाचा क्लास विचारतील. जोड अडीच तासांची असेल तर एवढ्या रांगांनंतर लाउंजला वेळ उरत नाही. तीन–साडेतीन तास असतील तर प्रयत्न करा.

निघायची वेळ ठरवताना लाउंजचा लोभ आवरा. आंतरराष्ट्रीय चेक-इन काउंटर साधारण तीन–चार तास आधी उघडतात, आणि बरीच लाउंज विमानाच्या तीन तास आधीच आत घेतात. ठाण्याहून दुपारी जेवून निघालात आणि सहा तास आधी पोचलात तर बाहेरच्या खुर्चीवर बसून राहाल. पण शुक्रवारी संध्याकाळी जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडवर) काय होतं तेही आपण जाणतो. माझा हिशोब असा: रात्रीच्या विमानाला काउंटर उघडण्याच्या वेळी टर्मिनलच्या दारात असायचं, आणि रस्त्यासाठी गूगल दाखवेल त्यात पाऊण तास जास्त धरायचा.

तो कागदाचा तुकडा

आता माझी स्वतःची फजिती. काही वर्षांपूर्वी पॉइंट वापरून आम्हा दोघांचा एक लांबचा टप्पा बिझनेस केला होता. युरोपातल्या एका विमानतळावर उतरलो, पुढे दोन तासांचं इकॉनॉमी. नियम मी पाठ करून गेलो होतो, लांबच्या विमानाचा क्लास धरतात वगैरे. ऐटीत लाउंजच्या काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीने पुढचा पास मशीनवर ठेवला, लाल दिवा लागला. मी म्हटलं, आम्ही बिझनेसने आलोय. ती हसून म्हणाली, "त्याचा पास दाखवाल का?" पहिल्या विमानाचे पास मी विमानातच, समोरच्या सीटच्या खिशात, चॉकलेटच्या कागदाबरोबर सोडून आलो होतो. मोबाइलमधला पास विमान उतरल्यावर ॲपने आपला आपण गायब केला होता. ईमेल शोधायला गेलो तर विमानतळाचं वायफाय लॉगिनसाठी भारतीय नंबरवर ओटीपी पाठवत होतं, आणि रोमिंग मी पैसे वाचवायला घेतलंच नव्हतं. बायको काही बोलली नाही. तेच जास्त लागलं. बाहेर बसून दोन कॉफींचे जे पैसे मोजले त्यात ठाण्यात दोघांचं जेवण झालं असतं.

तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: मुंबईच्या चेक-इन काउंटरवर पुढच्या सगळ्या टप्प्यांचे कागदी पास मागायचे, आणि पहिल्या पासाचा फाटून उरलेला तुकडा घरी पोचेपर्यंत टाकायचा नाही. मोबाइलवर पास असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या. ई-तिकिटाची प्रिंट वर ठेवा. त्यावर दोन्ही टप्पे, क्लास आणि पीएनआर एकत्र असतात, वाद झाला तर तोच कागद बोलतो.

काउंटरवर काय बोलायचं

काकूंची इथे खरी धास्ती होती. "इंग्रजीत भांडायला मला जमणार नाही." भांडायचं नसतंच. दोन्ही पास एकावर एक धरून पुढे करा, वर इकॉनॉमीचा, खाली बिझनेसचा, आणि एवढंच म्हणा: "अराइव्ह्ड फ्रॉम मुंबई, बिझनेस क्लास. कनेक्टिंग टुडे." तिसरं वाक्य लागत नाही. नाही म्हणाले तर "कुड यू चेक विथ सुपरवायझर, प्लीज?" एकदा, शांतपणे. मशीनचा लाल दिवा हा अनेकदा फक्त पुढच्या पासाचा क्लास बघून लागतो. माणसाने आधीचा पास वाचला की तो हाताने नोंद करून आत घेऊ शकतो. सुपरवायझरही नाही म्हणाला, तर मात्र वळा. रांगेत मागे लोक उभे असतात, आणि विमान सुटायची वेळ तुमच्या वादासाठी थांबत नाही.

चुकीच्या लाउंजसमोर उभं राहणंही फार सोपं असतं. मोठ्या विमानतळांवर एकाच कंपनीची दोन–तीन लाउंज असतात, एक बिझनेसचं, एक फर्स्टचं किंवा वरच्या कार्डवाल्यांचं. युरोपात तर शेंगेन देशांची (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या देशांची) विमानं एका बाजूला आणि बाकीची दुसऱ्या बाजूला, मध्ये पासपोर्ट तपासणी. आपल्या पुढच्या विमानाच्या बाजूचंच लाउंज घ्या. मागच्या बाजूचं छान दिसलं म्हणून तिथे बसलात तर नंतर पासपोर्टच्या रांगेत धावपळ होते. हीथ्रोहून मँचेस्टरला जाणाऱ्यांचं इमिग्रेशन हीथ्रोलाच होतं, सामान मात्र मँचेस्टरला मिळतं. त्यामुळे आधी पासपोर्ट, मग सुरक्षा तपासणी, आणि मग लाउंज, या क्रमाने जायचं.

व्हीलचेअर घेतली असेल तर ती ढकलणाऱ्या माणसाला पहिल्याच मिनिटाला सांगा की आम्हाला लाउंजमध्ये जायचंय. न सांगितल्यास तो तुम्हाला मदतीच्या प्रवाशांच्या जागेत बसवून दुसऱ्याला आणायला जातो, आणि मग तिथून हलता येत नाही. लाउंजच्या काउंटरवरही सांगून ठेवा की गेटवर न्यायला माणूस लागेल आणि किती वाजता. बऱ्याच लाउंजमध्ये विमानाची घोषणा करत नाहीत. पडद्यावर गेट नंबर आला की आपण उठायचं. हीथ्रोच्या टर्मिनल ५ मध्ये काही गेट वेगळ्या इमारतीत आहेत, आतल्या छोट्या ट्रेनने जावं लागतं. बसल्या जागी पडदा दिसेल अशी खुर्ची धरा.

नवरा बिझनेसमध्ये, बायको इकॉनॉमीत?

एकालाच अपग्रेड मिळालं असेल तर हा प्रश्न घरात वातावरण तापवतो. बिझनेसच्या तिकिटावर सहसा पाहुणा नेता येत नाही. ती एकट्याची सोय. पाहुण्याची मुभा वरच्या दर्जाच्या कार्डवर असते: स्टारचं गोल्ड, वनवर्ल्डचं सफायर किंवा एमराल्ड, स्कायटीमचं एलिट प्लस. ही कार्डं असतील तर तुमचा स्वतःचा क्लासही बघत नाहीत, इकॉनॉमीचा पास चालतो आणि बरोबर एक जण नेता येतो, तोही त्याच दिवशी त्याच अलायन्सने प्रवास करणारा हवा. मुलगा नोकरीनिमित्त सारखा फिरत असेल तर त्याच्याकडे असं कार्ड असण्याची शक्यता बरीच. पण तो बरोबर असेल तरच. कार्ड आईच्या पर्समध्ये देऊन काम होत नाही, त्यावर नाव असतं.

दारच बंद असेल तर

मग क्रेडिट कार्ड. भारतात कार्डवर लाउंज म्हणजे पूर्वी मशीनवर दोन रुपयांचा व्यवहार करून आत, इतकं सोपं होतं. रुपे, व्हिसा दोन्हींवर चालायचं. आता बँकांनी हात आखडता घेतलाय. एचडीएफसीने आपल्या रेगालिया क्रेडिट कार्डाला १ डिसेंबर २०२३ पासून तिमाहीत एक लाख रुपये खर्चाची अट घातली, आणि इतर बँकांनीही आपापल्या अटी आणल्या. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी बँकेच्या ॲपवर बघा: या तिमाहीत किती भेटी शिल्लक आहेत, व्हाउचर आधी काढावं लागतं का, आणि तुमच्या टर्मिनलचं लाउंज यादीत आहे का. देशांतर्गत लाउंजची सोय परदेशात चालत नाही. तिकडे सहसा प्रायॉरिटी पाससारखं वेगळं कार्ड लागतं, आणि पाहुण्याचे पैसे नंतर बिलात येतात.

एक लक्षात ठेवा: कार्डावर मिळतं ते लाउंज आणि विमान कंपनी बिझनेसवाल्यांना देते ते लाउंज, ही दोन अनेकदा वेगळी असतात. एकाच्या दारात दुसऱ्याचा हक्क सांगू नका.

पैसे भरूनही काही ठिकाणी आत जाता येतं. चार तासांची जोड आणि सोबत सत्तरीचे आईवडील असतील तर मी भरतो. दीड तासाची जोड असेल आणि मध्ये गेट बदलायचं असेल तर नाही भरत, भलेही आत पुरणपोळी असली तरी. खरं सांगायचं तर लाउंजमध्ये म्हाताऱ्या माणसांना लागतं काय? स्वच्छ संडास, पाठ टेकायला खुर्ची, गरम पाणी, आणि मोबाइल चार्ज करायला जागा. जेवण तर काकूंनी डब्यात घेतलेल्या दशम्यांपेक्षा बरं असेल अशी माझी खात्री नाही.

काकू–काका गेल्या आठवड्यात गेले. मी दोन्ही पासांचा फोटो काढून काकांच्या मोबाइलमध्ये ठेवला होता, काकूंनी तरीही कागदी तुकडे पर्सच्या चोरकप्प्यात, मंगळसूत्राच्या डबीशेजारी ठेवले. दुसऱ्या दिवशी आमच्या दुपारच्या वेळी हीथ्रोहून मेसेज आला: "लाल दिवा लागला होता. तुकडा दाखवला. सुपरवायझर न बोलावताच आत घेतलं. चहा पाणचट आहे, जांभळी नाक्यासारखा नाही. हे मात्र तिसरा कप घेतायत."